नावासकट विकलेला पेपर

सत्तावीस वर्षं मी आमच्या गावचं आठ पानी साप्ताहिक चालवलं. नळाला गढूळ पाणी आलं, शाळेचं छप्पर गळलं, कोण वारलं, कुणाची मुलगी पोहण्यात पहिली आली, सगळं त्यात असायचं. मोठ्या दैनिकांतले मित्र हसायचे. हसोत बापडे. स्वतः जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मी एक ओळ छापली नाही. त्यापायी गुडघ्यांची वाट लागली.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने पेपर विकत मागितला. "नाव मात्र तेच ठेवणार, साहेब. एवढी पत दुसऱ्या कुणाची आहे?" त्यांचा माणूस म्हणाला. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि सही ठोकली. महिन्याभरात कचेरीला कुलूप लागलं. आता आमच्या बातम्या कुठल्याशा दूरच्या इमारतीत बसून लिहितात. लिहिणाऱ्याने हे गाव नकाशातसुद्धा बघितलं नसेल.

गेल्या सोमवारी माझ्या मेव्हण्याची, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची, शाळेची व्हॅन चौकातल्या कठड्याला घासली. ब्रेक निकामी झाले होते. मुलांना खरचटलंही नाही. त्याच सकाळी लांब हमरस्त्यावर एका दारुड्या ट्रकवाल्याने विजेचा खांब पाडला होता. पेपरात दोन्हींची सरमिसळ झाली. 'शाळेच्या व्हॅनचा चालक दारूच्या नशेत', आणि खाली मेव्हण्याचा फोटो. हा माणूस खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन पितो! त्याला नोकरीवर ठेवायचं की नाही, हे शुक्रवारी पालकांच्या सभेत ठरणार होतं.

"दादा, तुझाच पेपर ना? एक फोन कर," बहीण म्हणाली.

केला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, तक्रार नोंदवलीय, एकवीस दिवसांत उत्तर येईल. मी म्हटलं, "अहो, मी या पेपरचा संपादक होतो." तिने माझ्या आडनावाचं स्पेलिंग विचारलं.

शुक्रवारी डॉक्टरांचा, अपघाताच्याच दिवशीचा, दाखला घेऊन मीच सभेत उभा राहिलो. रक्तात दारूचा अंश नाही, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. दाखला हातोहात फिरला.

"असे दाखले काय, कुणीही आणतं," एक बाई म्हणाल्या. "पेपरात छापून आलंय ते काय उगाच?"

"तो पेपर आता माझा नाही. तिथे कुणी चौकशीच करत नाही," मी म्हणालो.

मागच्या बाकावरचा गॅरेजवाला उठला. भला माणूस. पहिल्या अंकापासूनचा वर्गणीदार.

"राग मानू नका, साहेब. तुमच्या घरचा जावई आहे, जीव तुटणारच. दुसरा कुठला पेपर असता तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण हा पेपर खोटं छापत नाही. उभी हयात आम्ही बघतोय."

अगदी आदराने बोलला तो. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडणार? हा विश्वास मीच दारोदार फिरून कमावला होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी मत विचारलं. हात वर झाले. मेव्हण्याने खिशातून व्हॅनची किल्ली काढली, त्यांच्या टेबलावर ठेवली आणि मलाच म्हणाला, "चला दादा, तुम्हाला उभं राहवत नाही."