ब्रेकखालचा पाट

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे पेणमध्ये सगळ्यांना माहीत आहे. शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे दोन्ही गोष्टी रोज वापरात असतात. त्या रविवारी तर मी सकाळपासून समोर येईल त्याला झाडत होते. दुपारी आमच्या लीगची पहिली शर्यत होती आणि पेणच्या गाडीचा ब्रेक पळून जात होता.

गाडी म्हणजे रस्त्यावरची नव्हे. लोखंडी सांगाड्यावर सीट, समोर स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि पुढ्यात मोठा स्क्रीन. याला रिग म्हणतात. अशा चार रिग रामवाडीतल्या पुंडलिककाकांच्या गणपतीच्या कारखान्यात, मागच्या शेडमध्ये, ओळीने मांडल्या होत्या. पेण, रोहा, वडखळ आणि नागोठणे असे चार संघ, प्रत्येकात दोन ड्रायव्हर. अर्धी शर्यत एकाने चालवायची, मग गाडी स्क्रीनवरच्या पिटमध्ये, म्हणजे थांब्यावर, आणून सीटवरून उठायचं आणि दुसऱ्याने बसायचं. दार लावून एकटी खेळणारी पोरं आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. मला एकमेकांच्या भरवशावर खेळणारी हवी होती, म्हणून हा सगळा खटाटोप.

जागेसाठी मी वर्षभर वणवण केली होती. कुठे वायरिंग चार रिगचा लोड घेईना, कुठे गेम म्हटल्यावर दारातूनच हात जोडले. शेवटी पुंडलिककाका म्हणाले, "मागची शेड गणपती गेल्यावर रिकामीच असते. एक रविवार देतो. नीट झालं तर पुढचे पन तुझे. पन ही देवाची जागा हाय. काही वेडंवाकडं झालं तर त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा." मी मान डोलावली. दुसरी जागा नव्हतीच. म्हणजे पहिल्या शर्यतीत काही बिघडलं की लीग पहिल्याच दिवशी संपली, हे मला स्वच्छ ठाऊक होतं.

आणि पेणचा ब्रेक पळत होता. चारही सांगाडे रोह्याच्या हर्षदने वेल्डिंग करून बनवले होते. आमचा सर्वांत शेवटी, कारण माप मीच तीनदा बदललं. त्यामुळे पेडल बसवायची पट्टी राहून गेली आणि पेडल जमिनीवर ठेवावे लागले. ब्रेक जोर लावून दाबावा लागतो, आणि शाडू-प्लास्टर सांडून सांडून शेडची जमीन गुळगुळीत झालेली. माझा भाऊ ध्रुव ब्रेक दाबायचा आणि पेडल स्क्रीनच्या टेबलाखाली निघून जायचा. आधीच याची एक खोड होती. ट्रॅकवर कुठे काळपट डाग दिसला की हा स्टिअरिंग वळवायचा. वडखळच्या खड्ड्यांतून बाइकने कॉलेजला जाऊन जाऊन स्क्रीनवर खड्डे नसतात हे त्याच्या हातांना पटतच नव्हतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

"ताई, खाली एखादी फळी पाहिजे. स्क्रूने बसवतो," ध्रुव म्हणाला.

"बाहेर खांबाला कारागिरांचा बसायचा पाट टेकवलाय, तो घे. आणि आता तोंड बंद ठेव."

मूर्तीचे कारागीर बुटक्या पाटावर बसून काम करतात. तसाच तो वाटला, नुकताच धुऊन उन्हात ठेवलेला. ध्रुवने पाट आणला, ड्रिलने चार स्क्रू मारले, पेडल पक्के बसले. मी मोबाइलवर शर्यतीचं लाइव्ह सुरू केलं.

शर्यत सुटायच्या बेताला हर्षदची आई, विमलबाई, रोह्याहून आल्या. रोह्याच्या संघात त्यांचीच दोन्ही मुलं होती, हर्षद आणि त्याची धाकटी बहीण सुरभी. पोरांची शर्यत बघायला एवढ्या लांबून आल्या, याचं मला कौतुक वाटलं. पुंडलिककाकांनी त्यांना स्वतः पाणी आणून दिलं आणि दोघं पुढच्या कारखान्यात बोलत बसले. काका कुणाला उठून पाणी देत नाहीत. पण तेव्हा मला पाण्याचा विचार करायला सवड नव्हती.

ध्रुव पहिल्यापासून पुढे होता. ब्रेक जागचा हलत नव्हता आणि डागांना तो कसाबसा विसरला होता. त्याच्या मागे हर्षद, त्याला चिकटून वडखळचा पोरगा. नागोठण्याची गाडी दुसऱ्याच वळणावर मातीत जाऊन आली होती. शेडमध्ये जमलेली माणसं आधी हसायला आली होती, तीच आता पुढे सरकून उभी होती. अर्धी शर्यत झाली. ध्रुव पिटमध्ये आला, पट्टा काढून उठला आणि त्याच्या जागी आमची दुसरी ड्रायव्हर इशिता बसली. शेजारी हर्षदही उठला, सुरभी बसली आणि हर्षद तिला सूचना द्यायला माइक घेऊन तिच्या बाजूला उभा राहिला. इशिता पहिल्या नंबरवर ट्रॅकवर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात पुंडलिककाका आत आले. ते स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते इशिताच्या पायांकडे बघत होते.

"हा पाट कुनी घेतला?" त्यांनी मला हळू विचारलं.

"मी दिला. कारागिरांचा आहे ना?"

"गणपतीचा हाय."

आमच्याकडे घरोघरचे पाट आधी कारखान्यात येतात आणि त्याच पाटावरून मूर्ती त्या घरी जाते. हे मला सांगायची गरज नव्हती. पेणमध्ये जन्म गेलाय माझा.

"कुणाचा?"

"केरूचा. विमलबाईंच्या मालकांचा. सोता केलेला, फणसाच्या लाकडाचा. श्रावणात पाट देऊन गेला आनि आठवड्यात काविळीनं गेला. मूर्ती गेली नाय, पाट हितं राह्यला. दुसऱ्या साली पन नाय, यंदा पन नाय. पाट हितं हाय तवर त्या घराचं नाव हाय माझ्याकडं. आज बाई तो न्यायला आल्यात. पाट गेला की त्यांच्या घरचा गणपती संपला." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "धुऊन ठेवला होता मी, त्यांच्या हातात द्यायला."

आणि ते भिंतीकडे, मेन स्विचकडे निघाले.

मी आडवी गेले. खरं सांगते, मला लाज वाटली, पण लाजेच्या बरोबरीने रागही आला. वर्षभराची माझी धडपड एका पाटावर आपटावी, याचा राग. तो राग कुणावर काढावा हे कळेना, कारण पाट घे असं मीच म्हटलं होतं.

"काका, सगळं नका बंद करू. पेणची गाडी थांबवते. फक्त पेणची."

"पाय हायत त्याच्यावर, तनया. आत्ता, या घडीला."

मी इशिताचा खांदा धरला. "उठ."

तिने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "ताई, आपण पहिले आहोत."

"उठ म्हटलं ना."

ती उठली. स्क्रीनवर पेणची गाडी ट्रॅकच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि बाकीच्या तिच्या बाजूने निघून गेल्या. लाइव्हवर लोक काय झालं, काय झालं विचारायला लागले. ध्रुव माझ्या अंगावर धावून आला. "तुला वेड लागलंय का? जिंकत होतो आपण." मी त्याच्या कानात दोन वाक्यं सांगितली. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो गुडघ्यांवर बसला आणि स्क्रू काढायला लागला. स्क्रू-ड्रायव्हर सारखा खाचेतून निसटत होता.

विमलबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. शेवटचा स्क्रू निघाला. ध्रुवने पाट शर्टाने पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, आणि चार भोकांवरून एकेक करून अंगठा फिरवला.

पुंडलिककाकांचा हात मेन स्विचवर होता. "बाई, तुमी सांगा. समदं बंद करतो."

बाई हो म्हणाल्या असत्या तर मी स्वतः वायरी गुंडाळल्या असत्या. स्पीकरमधून नुसता इंजिनांचा आवाज येत होता.

"आता कोन बसलंय आमचं?" विमलबाईंनी विचारलं.

"सुरभी," मी म्हटलं.

"मंग तिचं होऊ दे." त्यांनी हर्षदकडे बघितलं. तो माइक तोंडाशी धरून तसाच थिजला होता. "तिला काय सांगू नको रे." आणि सुरभीच्या मागची खुर्ची ओढून त्या बसल्या, पाट मांडीवर घेऊन.

काकांनी हात खाली घेतला, पण स्विचपासून हलले नाहीत.

सुरभी धाटावच्या एका कंपनीत रात्रपाळी करून थेट आली होती. तरी तिची गाडी रेषेवरून ढळत नव्हती. पेण बाहेर पडल्यामुळे ती पहिली झाली होती. वडखळचा दुसरा ड्रायव्हर तिला खेटून होता, प्रत्येक वळणावर नाक खुपसायला बघत होता. एरवी मी अशा वेळी बाकावर उभी राहून ओरडले असते. आता मला एकच भीती होती, की ती मागे वळून बघेल.

तिने वळून बघितलं नाही. पण त्या ट्रॅकवर एक बोगदा आहे. बोगद्यात गाडी शिरली की क्षणभर स्क्रीन काळा होतो, आणि दुपारचं ऊन शेडच्या दारातून आत आलं होतं. शेवटच्या फेरीला स्क्रीन काळा झाला तेव्हा त्यात मागचं सगळं दिसलं, आरशात दिसावं तसं. मलाही दिसलं. खुर्चीत बाई, आणि त्यांच्या मांडीवर पाट.

गाडी बोगद्याबाहेर आली आणि सुरभीने जिथे कधीच ब्रेक मारत नाही तिथे मारला. वडखळची गाडी तिच्या बाजूने सुटली. पुढे दोनच वळणं होती. वडखळ पहिलं, रोहा दुसरं, नागोठणे तिसरं. पेणच्या नावापुढे फळ्यावर मी माझ्या हाताने शून्य लिहिलं.

वडखळची पोरं नाचायला लागली, पण इकडे बघून आपोआप थांबली. सुरभीने हेडफोन काढला. निकालाकडे तिचं लक्षच नव्हतं.

"पाट न्यायला आलीस?" तिने आईला विचारलं.

"व्हय."

"शर्यत बघायला येते म्हणालीस."

"ती पन बघितली की."

"दरसाल मी विचारते, गणपती आणायचा का. दरसाल बघू म्हणतेस." सुरभीचा आवाज फाटला. "नेऊन टाकणार होतीस, नि आम्हाला सांगितलं पन नाय."

"सांगितलं असतं तर तू नेऊ दिला असतास का गो?" विमलबाई पाटाकडे बघूनच बोलत होत्या. "हितं पाट ठेवलाय म्हटल्यावर दर श्रावणात जीव हितं लागतो माझा. यांच्यासोबत यायचे मी. एकटीनं यायचं मला होत नाय."

ध्रुव पुढे झाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मावशी, चुकलं. मी भोकं बुजवून देतो."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी सांगितलं त्याला."

बाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं. मग पाट उलटा केला, सुलटा केला. "भोकं पडलेला कसा नेऊ घरी? यांच्या हातचा हाय." एका भोकावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "बुजवायला किती दिस लागतील?"

विचारलं ध्रुवला, पण बघत होत्या पुंडलिककाकांकडे.

माझा भाऊ म्हणजे सरळमार्गी गाढव. "लाकडाचा भुसा आणि फेविकॉल, मावशी. फार तर एक—"

मी त्याच्या पायावर पाय दिला. ब्रेक दाबतात तसा, पूर्ण जोर लावून.

पुंडलिककाका स्विच सोडून पुढे आले. त्यांनी पाट हातात घेतला, भोकांत नख घालून बघितलं, उजेडाकडे धरला. एवढा वेळ तर ते मूर्तीचे डोळे आखतानाही घेत नाहीत.

"जुनं लाकूड हाय, बाई. घाई करून नाय चालायचं," ते म्हणाले. "पन येत्या गणपतीपर्यंत होईल."

विमलबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मंग राहू दे हितंच," त्या म्हणाल्या. "पोरांना घेऊन येते मी तवा."

सुरभी पुन्हा स्क्रीनकडे तोंड करून बसली. स्क्रीन बंद होता. हर्षद तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तसाच थांबला.

काकांनी पाट वरच्या फळीवर नेऊन ठेवला. आम्ही वायरी गुंडाळायला लागलो. मी सगळ्याच गुंडाळत होते, चारही रिगच्या, कारण वेडंवाकडं झालंच होतं आणि गाशा गुंडाळायचं मी कबूल केलं होतं. काका दारात थांबून थोडा वेळ ते बघत राहिले.

"रिगा राहू दे जागेवर," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी पेडलखाली फळी तेवढी घरनं आणा."