राहीबाईच्या हातावरचं तेल

देवीच्या देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध चौरंगावर काशाचं मोठं भांडं, त्याला दोन उभे कान, आत निम्मं पाणी. सूर्यभान महाराज ओल्या तळव्यांनी ते कान चोळायचा आणि भांडं घुमू लागायचं. पाण्यावर शहारे उठायचे, थेंब उडायचे. "आई बोलली!" म्हणत बाया जमिनीला डोकं टेकायच्या.

बहात्तरचा दुष्काळ होता. शेवगावकडच्या या गावानं जनावरं घोडेगावच्या बाजारात मिळेल त्या भावानं विकली होती, माणसं खडी फोडायला जात होती. पाणी उरलं होतं ते राहीबाईच्या विहिरीत. नवरा गेल्यावर मळा तीच कसायची, आणि सगळं गाव तिच्याच विहिरीवर घागरी भरायचं. त्या विहिरीवर तिच्या दिराचा, रंभाजीचा, डोळा होता. महाराजाला वाजतगाजत आणलं होतं ते त्यानंच.

शाळेतल्या विजयमालाबाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या आणि आतून धुमसत होत्या.

"भंडारदऱ्याचं धरण माझ्याच तपानं भरतं!" महाराज सांगत होता.

मग इथं घागरभर पाणी आणायला याचे हात कुणी धरले होते? पण विचारतो कोण!

"गावचं पानी एका बाईनं बांधून ठिवलंय," महाराज डोळे फिरवत म्हणाला. "तिच्या हातात आई बोलायची न्हाई."

एकेक बाई बादलीत हात धुऊन भांडं चोळू लागली. कुणाच्या हाती थोडं, कुणाच्या हाती जास्त, पण भांडं बोलत होतं. राहीबाईची पाळी आली तसा महाराज एकदम गोड झाला. "तू विधवा हायेस बाई. आधी आईचा प्रसाद घे." समईतलं तेल त्यानं तिच्या तळव्यांवर ओतलं आणि नीट चोळून घ्यायला लावलं. मग राहीबाईनं कान चोळले. भांडं गप्प. पुन्हा चोळले, तरी गप्प.

"हीच ती!" रंभाजी ओरडला. "वैनी, दिस मावळायच्या आत गाव सोड. इहिरीचं आमी बघतो."

सकाळी जिच्या विहिरीवर घागरी भरल्या, तिच्यावर लोकांनी दगड उचलले. विजयमालाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गात त्या दरवर्षी काचेच्या पेल्याच्या काठावर ओलं बोट फिरवून पेला वाजवून दाखवत. बोटाला तेल लागलं की पेला मुका होतो, हे त्यांच्या पोरांनाही ठाऊक होतं.

"थांबा!" त्या गर्दीत घुसल्या. "गोजरबाई, तुमचं घर समोरच आहे. चुलीतली राख आणा."

"इटाळ हुईल!" महाराज किंचाळला.

"रोज देवाची भांडी घासता त्या राखेचा कसला विटाळ?"

राहीबाईनं राखेनं हात आणि भांड्याचे तेलकट कानही खसाखसा घासले, धुतले आणि ओल्या हातांनी कान चोळले. भांडं घुमलं, महाराजाच्या हाती घुमलं होतं त्याहून मोठ्यानं. थेंब उडून तिच्या तोंडावर आले.

"आता रंभाजी, तुम्ही या."

रंभाजी मागं सरकला, पण लोकांनीच त्याला धरून पुढं ढकललं. बाईंनी समईतलं उरलेलं तेल त्याच्या तळव्यांना फासलं. घाम फुटेपर्यंत त्यानं कान चोळले तरी भांड्यातून आवाज नाही.

"बिनतेलाचा ओला हात कानावर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो," बाई म्हणाल्या. "त्या हिसक्यांनी भांडं थरथरतं. ती थरथर म्हणजेच आवाज, तीच पाणी उडवते. हे बघा." त्यांनी राखेनं कान पुसून राहीबाईला पुन्हा चोळायला लावले आणि भांडं घुमत असताना काठ मुठीत धरला, आवाज तिथंच मेला. "तेलकट हात नुसता घसरतो. यात आई कुठं आली? लाज वाटत नाही? एका बाईला देशोधडीला लावायला निघालात, आणि तिच्याच हातावर तेल का, एवढंही विचारलं नाहीत! नवस करा, नमस्कार करा, पण आधी विचारा. विचारायला काही पैसे पडत नाहीत."

झोळी उचलून निघालेल्या महाराजाला लोकांनी खाली बसवलं. पोलीस पाटलाला बोलावणं गेलं.

हातातला दगड खाली टाकून छबूबाई पुढं आली. "राहीबाई, चुकलं गं. पान्याला येऊ ना?"

राहीबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिचा आवाज रागानं चढला.

"या. पानी कुनालाच न्हाई म्हननार न्हाई मी. पन आधी हितंच, समद्यांम्होरं, एकेकीनं सांगा, की दगड का उचलला हुता."

राहीबाई तिथंच चौरंगाशी बसली, उत्तराची वाट बघत.