काठावरच्या तीन रेघा

नूतननं गजेंद्रच्या हातातून माउस हिसकावून घेतला आणि पडद्यावरच्या बाहुलीचा पदर मोठा करून पाहिला. काठाच्या जागी नुसता पुसट पट्टा होता.

"मी काढेल तीन रेघा कोठे ग्यात?"

"साडीवर शेतस ना. पडद्यावर दिसतस नही, इतलंच," तिचा नवरा खाली बघत म्हणाला.

पर्वत पाटियाच्या साडीबाजारातल्या या गाळ्यात ती साड्यांची डिझाइनं काढायची आणि तो त्या साड्या नेसलेली बाहुली कॉम्प्युटरवर चालवून गिऱ्हाइकांना दाखवायचा. आजवर तिनं दुसऱ्यांच्याच डिझाइनांचे रंग बदलून दिले होते. हे पहिलं तिचं स्वतःचं. आईच्या, शोभाबाईंच्या लुगड्याला होत्या तशा केसाएवढ्या तीन रेघा. पण बाहुली चालू लागली की त्या तुटायच्या, अळ्यांसारख्या वळवळायच्या. नीट दाखवायच्या तर एकेक ठिपका अनेकदा तपासून रंगवावा लागे. तेवढं काम दुकानातल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला झेपत नसे आणि बाहुली अडखळायची. नवं कार्ड घ्यायला मालक छगनशेठ तयार नव्हते. म्हणून गजेंद्रनं सोपी वाट धरली. चित्र तयार झालं की सगळ्या कडांवरून एकच पुसट हात फिरवायचा. बाहुली झोकात चालू लागली आणि रेघा विरघळून गेल्या. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

"मले इचारं व्हतं का?" नूतनचा आवाज चढला.

तेवढ्यात छगनशेठ इंदूरच्या व्यापारी रंजनाबेनना घेऊन आत आलेच.

रंजनाबेन बाहुलीकडे पाहतच राहिल्या. "कितनी सॉफ्ट बॉर्डर है! यही दीजिए."

नूतननं विणून आलेला नमुना टेबलावर आपटला.

"असली साडी ये है. इसमें लाइनें हैं."

रंजनाबेननी काठावरून बोट फिरवलं. "नहीं, लाइन नहीं. वो स्क्रीनवाली."

"लाइन निकाल दो, बेन," शेठ खुशीत नूतनला म्हणाले. "फाइल आज ही कडोदरा की मिल में भेजो, लूम पे."

शेठ आणि रंजनाबेन चहाला बाहेर गेले. नूतनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शेठचा नाही, रंजनाबेनचा नाही, तिला राग आला होता तो शेजारी बसलेल्या माणसाचा.

"मी शेठसंगे बोलसू," गजेंद्र पुटपुटला.

"आते?"

तिनं आपलं डिझाइन उघडलं, तिन्ही रेघा निवडल्या आणि खुर्चीवरून उठली. माउस त्याच्यापुढे सरकवला.

"तू पूस. तुले जमस."

गजेंद्रनं माउस धरला, पण बोट दाबेना. शेजारच्या पडद्यावर बाहुली चालतच होती, कुठंही न अडखळता.