न सांगितलेला भराव

मित्रांनो, मी एक जुनी वीजवाहिनी आहे. चाळीस वर्षांपूर्वी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या माळांवर मला मनोऱ्यांवरून ओढलं. तेव्हा मी एकट्या कोळशाच्या केंद्राची वीज शहराला नेत असे आणि माझं भारी कौतुक होई. पुढे केंद्र बंद पडलं. पवनचक्क्या आल्या, सौरप्रकल्प आले, आणि सगळे माझ्याच अंगावर येऊन पडले. वाट एक, वाटसरू शंभर!

ओझं वाढलं की मी तापते, तापले की लांबते आणि खाली झुलते. म्हणून कुणाला किती वाट द्यायची, हे शहरातल्या नियंत्रण कक्षात बसून थिया ठरवते. रोज कुणाला तरी थांबवावं लागतं. शिव्या मात्र तिला खाव्या लागतात, आणि त्यातल्या निम्म्या तिच्या बापाच्याच.

तिचे बाबा म्हणजे डेस ट्रेव्हेला. माझ्याखाली त्यांची मेंढरं चरतात, आणि पलीकडचं रान त्यांनी सौरप्रकल्पाला दिलं आहे. प्रकल्प थांबवला की ते फोन करणारच. "ऊन फुकट मिळतंय आणि तू ते सांडतेस होय गं? आईवर गेलीस. तीही दूध असंच उतू घालवायची!"

जानेवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी माळावर वणवा लागला आणि माझी शेजारची वाहिनी बंद पडली. तिचं ओझं माझ्यावर आलं. वाऱ्याची झुळूक नव्हती. मी झुलत झुलत खाली आले, तरी थियाच्या आकड्यांप्रमाणे मी मर्यादेतच होते. नेमके तेव्हा डेस पाण्याचा पंप बघायला माझ्याखालच्या शेततळ्याच्या भरावावर चढले. त्यांचा कुत्रा पायथ्याशीच बसला, काही केल्या वर येईना. डेसनी मान वर केली आणि घाईने फोन लावला. थियाचा आवाज मला वरही ऐकू येत होता.

"थिया, ही तार फार खाली आलीय गं. नुसती गुणगुणतेय."

"बाबा, जमिनीपासून सात मीटर आहे. मोजून ठरवलंय."

डेसनी पायाखालच्या मातीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तळं खणलं ना गेल्या हिवाळ्यात, त्याची माती इथेच टाकली. सांगायचं राहिलं."

"किती उंच?"

"चारेक मीटर. वर मी उभा आहे."

"बाबा, हात वर करू नकोस. वाकून उतर. सावकाश. बोलत राहा माझ्याशी."

तिने त्याच क्षणी सगळ्या सौरप्रकल्पांची वीज कमी केली आणि शहराकडच्या केंद्रांची वाढवली. वीज लगेच ओसरली, पण मित्रांनो, ताप उतरायला वेळ लागतो. मला त्या म्हाताऱ्याच्या टोपीपासून हातभरही वर सरकता येत नव्हतं. इतकी असहाय मी कधीच नव्हते.

"उतरलो गं," अखेर डेस म्हणाले. "बोल की काहीतरी. रागव तरी."

थिया रागावली नाही. तिने भरावाची उंची नोंदवली आणि माझी मर्यादा तिथल्या तिथे कमी केली.

मित्रांनो, माझ्या अंगावरचं ओझं मोजणारे पुष्कळ आहेत. माझ्याखालची जमीन बदललीत, तर ते मात्र तुम्हीच सांगायचं. माझ्याखाली कोण उभं आहे, हे कळूनही मला थांबता येत नाही.