सगळे दिवे हिरवे होते

धाकटीला यंत्रांची भीती कधीच नव्हती. शाळेत असताना तिने घरातला मिक्सर दोनदा खोलला होता आणि त्यातल्या एकदा तो परत जोडलाही होता. भीती सुरू झाली ती विद्यापीठात, जैवअभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तीही अभ्यासामुळे.

त्या वर्षी सरांनी चौघाचौघांचे गट पाडले. तिच्या गटात एक मुलगा यंत्रशाखेचा होता, एक मुलगी रसायनशास्त्राची, एक जण वैद्यकीय महाविद्यालयातून येणारा, आणि सर्किटं बघायला ही. सर म्हणाले, "तुम्हा प्रत्येकाला यंत्राचा एकेक तुकडा दिसतो. माणूस दगावतो तो दोन तुकड्यांमधल्या फटीत. ती फट शोधा." या गटाच्या वाट्याला डायलिसिसचं यंत्र आलं. त्यातून रोग्याला इजा होईल असे सगळे मार्ग लिहून आणायचे होते.

बाकीच्या तिघांसाठी तो गृहपाठ होता. धाकटीचे बाबा मात्र दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा त्याच यंत्राला जोडले जात होते.

यादी त्रेचाळीसवर गेली. नळीत हवा शिरणं, सुई निसटणं, पाणी जास्त तापणं. रसायनवाल्या मुलीने एकतिसावा मुद्दा घातला, तेव्हा त्यावर थोडा वादही झाला. ती म्हणाली, "नळाच्या पाण्यात क्लोरीनचं औषध असतं. आपण पितो, आपल्याला काही होत नाही. पण डायलिसिसमध्ये ते रक्ताच्या शेजारून वाहतं. तांबड्या पेशी फुटतात. ते अडवायला फक्त कोळशाची टाकी असते. ती निकामी झाली तर यंत्राला पत्ताच लागत नाही, कारण यंत्र ते मोजतच नाही." शेवटी चौघांनी मिळून त्यापुढे 'शक्यता: फार कमी' असं लिहिलं आणि ते चहाला गेले.

पूर्वी धाकटी बाबांशेजारी बसून मोबाइल बघायची. आता तिची नजर नळीवरून हटेना. पंपाचा आवाज जरा बदलला की ती खुर्चीतून उठायची. बाबा रंगारी. आयुष्य शिडीवर गेलेलं, थट्टेशिवाय बोलणं नाही. ते म्हणायचे, "अगं, माझ्याकडेही बघ की जरा. त्या नळीला काय सोनं लागलंय?"

तीन आठवड्यांपूर्वी तिने घोळ घातला होता. नळीत बुडबुडा दिसला म्हणून ती किंचाळली आणि स्वतःच थांबवायचं बटण दाबलं. बुडबुडा नव्हताच, छताच्या दिव्याचं प्रतिबिंब होतं. गोंधळात पंप बराच वेळ बंद राहिला, नळीतलं रक्त गोठलं आणि टाकून द्यावं लागलं. वाटीभर रक्त, तेही ज्याच्या अंगात आधीच रक्त कमी अशा माणसाचं. मोठ्या सिस्टरनी सगळ्यांदेखत झापलं. "शिकतेयस ना अजून? मग आधी शिक. पुन्हा यंत्राला हात लावलास तर दाराबाहेर बसवीन."

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "मी वर रंग देत असताना खालून कुणी शिडी हलवली तर कसं व्हायचं, बाळा?"

तेव्हापासून ती हात मांडीवर ठेवून बसायची.

त्या गुरुवारी सकाळी घरच्या नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास होता. आठवड्यापूर्वी मोठी जलवाहिनी फुटली होती, म्हणून पाण्यात औषध वाढवलं होतं. तिने चूळ भरली, तोंड वाकडं केलं आणि विसरून गेली.

डायलिसिसच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या. बाबांच्या डावीकडे एक निवृत्त मास्तर, कोपऱ्यात एक आजी, पलीकडे आणखी दोघं. पाचही यंत्रांवर हिरवे दिवे. तासाभराने मास्तर कुरकुरले, "सिस्टर, डोकं फुटतंय. पाठीतही कळ येतेय." सिस्टरनी रक्तदाब बघितला, पाठीशी उशी दिली. थोड्या वेळाने आजींना उलटी झाली. सिस्टर तिकडे धावल्या.

धाकटीने सवयीने नळीकडे पाहिलं. बाबांच्या अंगात परत जाणाऱ्या नळीतलं रक्त तिला वेगळं वाटलं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. साडेनऊ.

पुन्हा प्रतिबिंब असेल, तिने स्वतःला बजावलं. खिडकीचा पडदा सरकलाय, ऊन पडलंय, म्हणून. पुन्हा ओरडलीस तर पुन्हा वाटीभर रक्त जाईल. ती मास्तरांच्या नळीकडे बघायची, मग बाबांच्या, मग घड्याळाकडे. तोंडातून शब्द फुटेना.

"छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय गं," बाबा म्हणाले.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी वाकली. "ही नळी बघा. रंग रोजच्यासारखा आहे का?"

बाबांनी मान वळवली. आयुष्यभर त्यांनी रंगाच्या छटा ओळखून पोट भरलं होतं. ते बघत राहिले.

"नाही. रक्त गढूळ असतं, त्याच्या आरपार दिसत नाही. ह्यात थिनर जास्त पडल्यासारखं झालंय. पलीकडची नळी दिसतेय बघ त्यातून."

एकतिसावा मुद्दा. सकाळचा तो वास. डोकं, पाठ, उलटी, छाती. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या गोष्टी तिच्या डोक्यात एका जागी आल्या. ती उठली.

"सिस्टर, पाणी तपासा. प्लीज. कोळशाच्या टाकीतून क्लोरीन येतंय."

"पुन्हा तुझं सुरू झालं? यंत्रं बघ. सगळे दिवे हिरवे आहेत."

"यंत्र क्लोरीन मोजत नाही, सिस्टर! मी कशाला हात लावत नाही. तुम्ही फक्त नळ्यांचा रंग बघा. पाचही."

पाण्याचं काम बघणारा तंत्रज्ञ दारात आला होता. पन्नाशीचा, शांत माणूस. तो म्हणाला, "सकाळी तपासणी झालीय. वहीत सही आहे माझी."

"किती वाजता केलीत?" धाकटीने विचारलं. "क्लोरीन तपासायच्या पट्टीचा रंग काय आला?"

तो मागे वळून पाण्याच्या खोलीकडे बघू लागला. सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एकेका खुर्चीपाशी जाऊन नळी प्रकाशात धरली. तिसऱ्या खुर्चीपाशी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सगळे पंप बंद!" त्या ओरडल्या. "नळ्यांना चिमटे लावा. आतलं रक्त परत द्यायचं नाही, एक थेंबही नाही. डॉक्टरांना बोलवा." आणि तंत्रज्ञाकडे वळून, "आत्ता जा. माझ्यासमोर पट्टी बुडव."

पट्टी पाण्यात बुडताच रंगली. तंत्रज्ञ टाकीपाशीच खाली बसला. "पट्ट्या संपत आल्या होत्या," तो म्हणाला. "चार दिवस तपासलंच नाही. रोज ठीकच यायची, म्हणून..."

पुढचं सगळं धावपळीत झालं. डॉक्टरांनी धाकटीला थोडक्यात सांगितलं. पेशी फुटल्यामुळे रक्तात पोटॅशियम वाढलंय, त्याने हृदय थांबू शकतं, तात्पुरती इंजेक्शनं दिलीत. खरा उपाय एकच. पुन्हा डायलिसिस, दुसऱ्या रुग्णालयात, लगेच.

रुग्णवाहिकेत बाबांनी तिचा हात घट्ट धरला होता. दुसऱ्या रुग्णालयाच्या दारात त्यांनी स्ट्रेचरची कड पकडली.

"नाही बसायचं मला."

"बाबा, असं करू नका."

"तूच सांग. तुला त्याच्यातलं सगळं कळतं. खरं सांग, भीती नाही वाटत तुला?"

खोटं बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. "वाटते," ती म्हणाली. "इतकी वाटते की मला इथेच उलटी होईल. पण न बसण्याची त्याहून जास्त वाटते. मी आधी पाणी बघून येते. तोवर तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

तिथल्या सिस्टरनी नाही म्हटलं नाही. धाकटीने पाण्याच्या खोलीत पट्टी बुडवताना पाहिलं आणि पांढरीच राहिलेली ती पट्टी बाहेर आणून बाबांना दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे तिरकी करून बघितली. मग डोळे मिटले आणि दंड पुढे केला. चार तास ती नळीपाशी उभी होती. कुणी खुर्ची दिली तरी बसली नाही.

बाबा वाचले. मास्तरांचं हृदय त्या दुपारी दोनदा अडखळलं, पण अकराव्या दिवशी ते घरी गेले. कोपऱ्यातल्या आजी वाचल्या नाहीत.

महिन्याभराने चौकशी झाली. तंत्रज्ञाने सगळं कबूल केलं. मोठ्या सिस्टरनी लेखी दिलं की या मुलीमुळे चार जण वाचले. सर म्हणाले, परीक्षेपेक्षा मोठं काम केलंस. मग चौकशीच्या बाईंनी सहज विचारलं, "रंग बदललेला तुम्हाला कधी दिसला?"

"साडेनऊला."

"आणि सांगितलंत कधी?"

टेबलाच्या पलीकडे आजींचा मुलगा बसला होता. धाकटीला वाटलं, जमिनीत गडप व्हावं. तिच्याखेरीज घड्याळाकडे कुणी पाहिलं नव्हतं, 'लगेच' म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"नऊ बेचाळीसला," ती म्हणाली. "बारा मिनिटं मी घाबरून गप्प बसले होते."

बाईंनी ते लिहून घेतलं. आजींचा मुलगा तिच्याकडे बघत होता. मग तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. "तुम्ही सांगितलंत तरी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. तो नेमकं कशाबद्दल म्हणाला, त्या सकाळबद्दल की आत्ताबद्दल, हे तिला विचारायचं धाडस झालं नाही.