जरा चुना दे

मी कानिफनाथची चुन्याची डबी बोलतेय. मला तोंडं दोन, एकात तंबाखू, एकात चुना. तरी बोलायची पाळी आजच आली.

कानिफनाथ पाथर्डीकडचा, ऊसतोड कामगारांचा मुलगा, फौजेत शिपाई. नगरच्या एका टपरीवर त्यानं मला घेतलं. पुढं लग्न झालं आणि बायकोनं, पंकजानं, त्याला आईची शपथ घालून तंबाखू सोडायला लावली. त्यानं सोडलीही. मला मात्र सोडलं नाही.

कारण सीमेवरचा खंदक. गोळे पडायला लागले की तिथं माणसं भ्यायची, पण तसं म्हणायचं कुणी नाही. म्हणायचं, "जरा चुना दे." मग शेजारचा सरकून जवळ बसायचा. कोपरगावच्या सम्राटनं जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. चुना सगळ्यांत जास्त तोच मागायचा!

कानिफनाथचे हात थरथरायचे. तळहातावर तंबाखू मळत बसलं की थरथर कुणाला दिसत नसे. मळायची आणि मातीत टाकायची. शपथ शाबूत.

यंदा सुट्टीवर आला तर पंकजाला मी खिशात सापडले. "आईची शपथ मोडली व्हय?" एवढं बोलून तिनं मला उकिरड्यावर भिरकावलं. खरं कारण सांगायचं, तर भीतीही सांगावी लागली असती. बिचारा उठून बाहेर गेला. त्याची आई, भागूबाई, मला उचलून म्हणाली, "चांगली डबी टाकती, येडी!" मला घासून तिनं माझ्यात सुया ठेवल्या आणि कोनाड्यात बसवलं.

परवा शेजारी हळद होती. फटाक्यांची माळ लागली आणि कानिफनाथ कणगीमागं जाऊन बसला. अंगठा तळहातावर चाललेला.

"काय मळताय?" पंकजानं हात धरून पाहिला. हात रिकामा होता.

"जरा चुना दे," तो म्हणाला. मग मान खाली घालून, "भ्या वाटतंय गं. लई भ्या वाटतंय."

ती सरकून जवळ बसली आणि स्वतःचा हात त्याच्या तळहातावर ठेवला. माळ संपेपर्यंत तो तिचाच हात मळत होता. मग खंदकातला चुना, सम्राट, सगळं त्यानं तिला सांगितलं. मला रडू आलं, पण ॲल्युमिनियमला ते जमत नाही.

आज सुट्टी संपली. पंकजानं सुया काढून माझ्यात ताजा चुना भरला.

"शपथ हाय ना माझ्यावर?" तो म्हणाला.

"सम्राटभावजींनी मागितला तर? आन् तुमीबी मागा. लाजू नका."

चला, निघते मी. तुमच्याजवळ कधी तंबाखू न खाणाऱ्यानं चुना मागितला, तर कशाला म्हणून विचारू नका. सरकून बसा.