शनीपलीकडून आलेले घड्याळ

शहराबाहेरच्या काटेरी कुंपणाआड कसले विमान बांधले जात आहे, हे सांगण्याची कुणालाच मुभा नव्हती. त्यामुळे ते सगळ्यांना ठाऊक होते. घड्याळजींच्या दुकानातील बाकावरच्या रोजच्या मंडळींनी तर त्याचा सगळा तपशील ठरवून टाकला होता. विमानाला आवाज नाही, कारण आजवर कुणी तो ऐकला नव्हता. आणि वेग इतका, की आकाशात ते एकदाही कुणाच्या दृष्टीस पडले नव्हते.

एका सोमवारी कुंपणाआडचा तरुण वैमानिक दुरुस्त करून नेलेले घड्याळ घेऊन परत आला. घड्याळ त्याच्या वडिलांचे. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारे. सकाळी बरोबर लावून तो कामावर जाई आणि आठ तासांनी परते, तेव्हा ते एक तास चाळीस मिनिटे मागे असे.

दोष कुठे आहे, हे घड्याळजींनी तेव्हाच ओळखले. त्यांना नवी स्प्रिंग मिळाली नव्हती. जुनीच पुसून बसवली होती आणि ‘नवी घातली’ असे सांगितले होते. तीस वर्षांच्या धंद्यातली ही पहिली थाप. त्यात बाकावर मेहुणा बसलेला. समोरच त्याचे बॅटरीच्या घड्याळांचे दुकान होते आणि भाऊजींच्या एका चुकीसाठी तो बारा वर्षे देव पाण्यात घालून बसला होता.

“भाऊजी, तुमचे काटे निवृत्त झाले वाटतं,” तो म्हणाला.

बुडत्याला काडी सापडावी तसे घड्याळजींना विज्ञान सापडले. घड्याळ ठणठणीत आहे, त्यांनी जाहीर केले. अफाट वेगात वेळच मंदावते, आपली मुलगी शाळेत हेच शिकवते. वैमानिकाने बोलायला तोंड उघडले, गुप्ततेची शपथ आठवून मिटले, आणि बाकाने त्याचे मौन संमती म्हणून नोंदवून घेतले.

मुलीने हसत हसत गणित करून दिले. वेग प्रकाशाच्या सहा दशांशांहून थोडा अधिक. म्हणजे शनीच्या पलीकडे जाऊन चहाला घरी. हे अशक्य आहे, असेही ती म्हणाली होती, पण तेवढा भाग बाकापर्यंत पोचला नाही. वैमानिकाचे केस महिनोन्‌महिने का वाढत नाहीत, याचा बाकावरच्या न्हाव्याला उलगडा झाला. बसचालकाला वेगळीच चिंता लागली: एवढ्या वेगात ब्रेक शनीच्या अलीकडेच दाबावा लागेल, नाहीतर गाडी थेट कुंपणातून पलीकडे. मेहुण्याच्या मते आता शनीलाच साडेसाती लागली होती. शिवाय त्याच्या दुकानातले बॅटरीचे घड्याळ नेले असते, तर ते चांगले दोन तास मागे पडले असते.

घड्याळजींचा भाव आठवडाभर वधारलेला राहिला. मग एकदा जेवताना मुलीने सहज विचारले, “बाबा, स्प्रिंग नवीच आहे ना?” आणि त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धे ओढून त्यांनी वैमानिकाला खरे ते सांगितले. जुनी स्प्रिंग थकली आहे; हात स्वस्थ राहिला की काही तासांत घड्याळ थांबते, हलला की पुन्हा चालू होते.

“फक्त एक कळत नाही. विमान चालवताना हात इतका स्वस्थ राहतो कसा?”

वैमानिकाचे कान लाल झाले. त्याने अर्ध्या शटरकडे पाहिले.

“चालवताना नाही राहत, काका.”

घड्याळजींच्या डोळ्यांसमोर पट्टे बांधून सकाळपासून नुसता बसलेला हा पोरगा आणि अजून एकदाही न उडालेल्या विमानाखाली उताणे पडलेले दहा इंजिनिअर उभे राहिले. मग दोघेही असे हसत सुटले, की घड्याळजींच्या डोळ्यावरचे भिंग गळून पडले.

डोळे पुसून त्यांनी स्वतःच्या मनगटावरचे, त्याच बनावटीचे घड्याळ उघडले, त्यातली चांगली स्प्रिंग काढली आणि वैमानिकाच्या घड्याळात बसवली.

संध्याकाळी मुलीला शेजारी बसवून त्यांनी बाकासमोर कबुली दिली. वेगबिग काही नाही, चूक माझी. स्प्रिंग जुनी होती. विमानाविषयी मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. मुलीने हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बाकाचा अर्थातच विश्वास बसला नाही. तीस वर्षांत न चुकलेला माणूस अचानक चूक कबूल करतो, म्हणजे वरून दबाव आला असणार. तेवढ्यात मेहुण्याची नजर घड्याळजींच्या मनगटावर गेली. काटे दुपारच्या दोन वाजून दहा मिनिटांवर थिजले होते आणि बाहेर दिवे लागत होते. त्याने भिंतीवरचे घड्याळ पाहिले, बोटांवर हिशोब केला आणि आयुष्यात पहिल्यांदा आदराने आवाज खाली आणला.

“भाऊजी, तुम्हालाही नेऊन आणलं?”